माल इथला, शिपिंग बिल दुसऱ्याचे

ऑगस्टच्या २७ तारखेला अमेरिकेने भारतीय मालावरचा आयातकर ५० टक्क्यांवर नेला. त्यानंतरच्या आठवड्यात मी कॅम्प ५ मधल्या एका जीन्सच्या गाळ्यात बसलो होतो. गाळेमालक सिंधी, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणतो. कापलेले पीस गठ्ठे बांधून भिंतीला लावलेले होते, मशिनी बंद होत्या. मुंबईच्या पार्टीचा फोन आला होता, 'सध्या थांबा'. किती थांबायचे हे पार्टीने सांगितले नव्हते. समोर टीव्हीवर बातमी चालू होती की निर्यातदारांच्या संघटनांनी कर्जफेडीला मुदतवाढ मागितली आहे. काकांनी आवाज कमी केला आणि मला विचारले, "तू कागदातला माणूस. सांग, ह्यात मी कुठे बसतो?"

"काका, तुम्ही निर्यातदार नाही," मी म्हटले.

"मग माझा माल जातो कुठे?"

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना हा लेख झाला. मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. मशीद बंदरला एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत अकरा वर्षे शिपिंग बिले टाइप केली, हेच माझे विद्यापीठ. पुढे हिशेब लिहिण्याची कामे घेतली आणि उरलेल्या वेळात परिपत्रके वाचली. रिझर्व्ह बँकेची परिपत्रके कोणी आवडीने वाचत नाही, पण त्यांत कधी कधी एका वाक्यात एका गावाचे नशीब लिहिलेले असते. त्यातले एक वाक्य पुढे येईलच.

माझे म्हणणे असे. सरकारची निर्यातीला मिळणारी मदत, म्हणजे स्वस्त कर्ज, कराचा परतावा आणि विमा, शिपिंग बिलावर ज्याचे नाव असते त्याच्यापाशी येऊन थांबते. उल्हासनगरच्या मालाच्या शिपिंग बिलावर उल्हासनगरचे नाव क्वचित असते. 'मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद लोकलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परक्याचे नाव आपल्या मालावर लावल्याबद्दल लोक हसतात. आपला माल परक्याच्या नावावर जातो, त्याबद्दल मात्र कोणी विनोद केलेला मी ऐकला नाही.

आधी थोडे मागे जावे लागेल. व्यापाऱ्याच्या पाठीशी सरकारने उभे राहण्याची कल्पना फार जुनी नाही. पहिल्या महायुद्धात मोडलेला व्यापार सावरण्यासाठी ब्रिटनने १९१९ मध्ये निर्यात-पतीचे सरकारी खाते उघडले. जगातली अशी ही पहिली संस्था मानली जाते. अमेरिकेची एक्झिम बँक १९३४ ची. परदेशातल्या गिऱ्हाइकाने पैसे बुडवले, तिकडे युद्ध झाले, सरकार उलटले, चलन बाहेर पाठवायला बंदी आली, तर नुकसान काही प्रमाणात सरकार सोसेल, ही त्यामागची हमी.

ह्याच सुमारास सिंधच्या शिकारपुरी सावकारांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. शिकारपूरच्या हुंड्या मध्य आशियात बुखाऱ्यापर्यंत चालत. रशियन क्रांतीनंतर तिथली त्यांची येणी बुडाली. त्यांना कोणाचा विमा नव्हता. सिंधमधल्याच हैदराबादचे सिंधवर्की व्यापारी जपानपासून पनामापर्यंत पेढ्या चालवत होते, त्यांचीही पत भाऊबंदकीवर आणि शब्दावर उभी होती. क्लॉड मार्कोव्हिट्स ह्या फ्रेंच इतिहासकाराने २००० साली ह्या दोन्ही जाळ्यांवर एक मोठे पुस्तक लिहिले. सिंधी माणसाच्या व्यापारी वृत्तीवर सैल बोलणाऱ्यांनी ते जरूर वाचावे. एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट करतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत जे सुमारे लाखभर निर्वासित आले, ते काही सगळे सिंधवर्की शेठ नव्हते. शेठ लोकांना मुंबई होती, हाँगकाँग होते. बराकीत आले ते बहुतेक लहान दुकानदार, कारकून, कारागीर. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी ह्या छावणीला उल्हासनगर हे नाव दिले. म्हणजे जगभर पसरलेल्या व्यापाराची आठवण घेऊन आलेले, पण त्या व्यापाराची पेढी हातात नसलेले लोक इथे वसले. जीन्सच्या धंद्यात आज जे दिसते त्याची एक मुळी इथवर जाते असे मला वाटते.

भारत सरकारने निर्यात-जोखमीच्या विम्याचे महामंडळ ३० जुलै १९५७ रोजी स्थापन केले. तेच आजचे ईसीजीसी, कचेरी मुंबईतच. मोठ्या मुदतीच्या कर्जासाठी १९८१ च्या कायद्याने एक्झिम बँक आली, तीही मुंबईत, कफ परेडला. कॅम्प ५ पासून दोन्ही संस्था लोकलच्या अंतरावर आहेत.

अशी हमी किती दमदार असते हे महाराष्ट्राने एकदा उलट्या बाजूने पाहिले आहे. गुहागरचा दाभोळ वीज प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, त्याच डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे वाजले. प्रकल्पातली दुसरी अमेरिकन भागीदार बेक्टेल हिने ओपिक ह्या अमेरिकी सरकारच्या संस्थेकडून राजकीय जोखमीचा विमा घेतलेला होता. तिने दावा लावला आणि २००३ मध्ये लवादाने तिच्या बाजूने निकाल दिला. महाराष्ट्रात महागड्या विजेवरून किती वर्षे भांडण झाले ते सर्वांना आठवते. त्याच भांडणात एका पक्षाच्या खिशात विम्याचा कागद होता, हे आपल्या चर्चेत फारसे आले नाही.

आता काकांच्या गाळ्याकडे परत येतो. पहिली गोष्ट कर्जाची. निर्यातीची ऑर्डर हातात असेल तर बँक माल तयार करण्यासाठी 'पॅकिंग क्रेडिट' देते. साध्या धंद्याच्या कर्जापेक्षा ते सहसा स्वस्त पडते. एप्रिल २०१५ पासून सरकार त्यावरच्या व्याजाचा काही भाग स्वतः भरत होते. ती योजना ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात निर्यात प्रोत्साहन मिशनसाठी २,२५० कोटी रुपये जाहीर झाले, पण त्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत मिशनचा तपशील बाहेर आलेला नव्हता. नेमका ह्याच काळात ५० टक्क्यांचा तडाखा बसला. ह्यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून आले आहे, मी भर घालत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. योजना चालू होती तेव्हा तरी काकांना तिचा उपयोग होता का? नियमात त्यांना जागा आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्यात कर्जाच्या परिपत्रकात असे आहे की ज्या उत्पादकाच्या स्वतःच्या नावावर ऑर्डर नाही, पण ज्याचा माल निर्यातगृहामार्फत बाहेर जातो, त्यालाही पॅकिंग क्रेडिट देता येते. अट अशी की निर्यातगृहाने पत्र द्यायचे. पत्रात ऑर्डरचा तपशील हवा, आणि मालाच्या तेवढ्या भागावर आपण स्वतः असे कर्ज घेतलेले नाही व घेणार नाही, अशी कबुली हवी.

मुंबईची पार्टी असे पत्र का देईल? ऑर्डरचा तपशील दिला की परदेशी गिऱ्हाईक कोण आणि भाव काय, हे काकांना कळणार. वर स्वतःची स्वस्त कर्जाची मर्यादा सोडायची. पार्टी वाईट आहे म्हणून नव्हे, पार्टी व्यापारी आहे म्हणून हे पत्र मिळत नाही. मी काकांसाठी तीन शाखांमध्ये विचारून पाहिले. दोन ठिकाणी असा काही नियम आहे हेच साहेबांना नवे होते. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी परिपत्रक काढून दाखवले, वाचले, आणि म्हणाल्या, "नियम आहे हो, पण पत्र आणा."

दुसरी वाट त्याच परिपत्रकात आहे. ऑर्डर ज्याच्या हातात आहे त्याने आपल्या पुरवठादाराच्या नावाने देशांतर्गत लेटर ऑफ क्रेडिट उघडायचे आणि कर्ज दोघांत वाटून घ्यायचे. इथे ते वाक्य येते ज्याबद्दल मी वर बोललो. ही सोय उत्पादनाच्या फक्त पहिल्या टप्प्यापुरती आहे. उत्पादक-निर्यातदार आपल्या थेट पुरवठादाराला तिच्यात घेऊ शकतो. त्या पुरवठादाराला माल देणारा बाहेर. ऑर्डर नुसत्या व्यापारी गृहाकडे असेल तर त्याने ज्या उत्पादकाला ती दिली, तिथून मोजायचे. आता जीन्सची साखळी पाहा. मुंबईची पार्टी ऑर्डर एखाद्या मोठ्या फॅब्रिकेटरला देते. तो शिलाई कॅम्प ५ मध्ये दोन-तीन गाळ्यांना वाटतो. गाळेवाला काजे-बटणाचे काम पुढच्या गल्लीत देतो, वॉश आणखी कुठे, धागे कापण्याचे काम घरोघरी बायकांकडे. नियमाची मर्यादा पहिल्या पायरीवर संपते, आणि उल्हासनगर सुरू होते दुसऱ्या पायरीपासून. पार्टी थेट काकांना काम देते तेव्हा पत्राचा अडसर आणि मधल्या फॅब्रिकेटरमार्फत देते तेव्हा पायरीचा. काका उधारीवर चालतात. त्या उधारीचे व्याज महिन्याच्या टक्केवारीत बोलले जाते.

दुसरी गोष्ट कराच्या परताव्याची, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची मेख इथे आहे. २०१५ पासून निर्यातदारांना मिळणारी मेइस ही सवलत आणि इतर काही योजना अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत नेल्या. ३१ ऑक्टोबर २०१९ ला निकाल भारताच्या विरुद्ध गेला. भारताने अपील केले, पण लवकरच अपील ऐकणारे मंडळच बंद पडले, ते प्रकरण तसेच लोंबकळत राहिले आणि शेवटी २०२३ मध्ये दोन्ही देशांनी ते आपसात मिटवले. तयार कपड्यांसाठी मात्र सरकारने मार्च २०१९ पासूनच वेगळी योजना लावली होती आणि इतर मालासाठी जानेवारी २०२१ पासून रोडटेप आली. दोन्हींचे समर्थन सरकार एकाच मुद्द्यावर करते: हे अनुदान नाही, परतावा आहे. जनरेटरच्या डिझेलवरचा व्हॅट, वीज शुल्क असे जे कर मालाच्या किमतीत मुरलेले असतात आणि जीएसटीतून परत मिळत नाहीत, तेवढेच आम्ही परत करतो. जगाने निर्यात करावी मालाची, करांची नव्हे, हे तत्त्व. मला ते पूर्ण मान्य आहे.

पण मग तत्त्व शेवटपर्यंत लावा. वीज शुल्क कोणी भरले? शिलाई मशिनी ज्याच्या मीटरवर चालल्या त्याने. वीज गेल्यावर जनरेटरमध्ये डिझेल कोणी ओतले? त्यानेच. परतावा मात्र जहाजावर माल चढवणाऱ्याच्या खात्यात जमा होतो, मालाच्या निर्यात किमतीच्या टक्केवारीत. समजा एक जीन्स ६०० रुपयांना बाहेर गेली आणि परताव्याचा दर ५ टक्के धरला, तर ३० रुपये झाले. त्यातला एकही रुपया कॅम्प ५ च्या मीटरपर्यंत येईल अशी तरतूद नाही. अनुदान असते तर सरकार म्हणू शकले असते की आम्हाला वाटेल त्याला देऊ. परतावा म्हटल्यावर, ज्याने भरला त्यालाच तो जायला हवा.

अर्थशास्त्र शिकलेल्या एका मित्राने ह्यावर आक्षेप घेतला, आणि तो टाळण्यासारखा नाही. तो म्हणाला, परतावा कोणाच्याही खात्यात जमा होवो, स्पर्धा असेल तर तो भावातून खाली झिरपतो; पार्टीला ३० रुपये मिळतात म्हणूनच ती काकांना थोडा जास्त भाव देऊ शकते. पुस्तकात हे बरोबर आहे. पण झिरपण्यासाठी खालच्याला 'नाही' म्हणता यायला हवे. शेजारच्या गाळ्यात तेच काम दोन रुपये कमीने करायला माणूस बसलेला असताना काका काय नाही म्हणणार? बरे, पार्टीचीही एक बाजू आहे, ती मी टाइप करत आलो आहे. गिऱ्हाईक शोधणे, नमुने पाठवणे, माल उशिरा झाला तर विमानाचे भाडे सोसणे, गिऱ्हाइकाने खोट काढून पैसे कापले तर ते गिळणे, हे सगळे पार्टी करते. तिला काही मिळू नये असे मी म्हणत नाही. दुसऱ्याने भरलेल्या कराचा परतावा तिच्या कष्टाचा मोबदला म्हणून देणे ही सरकारची सोय आहे, एवढेच म्हणतो. एका खात्यात टाकणे सोपे पडते.

जीएसटीत हे उलट झालेले आहे, म्हणून अशक्य म्हणण्याची सोय नाही. ऑक्टोबर २०१७ पासून निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला उत्पादक फक्त ०.१ टक्का कर लावून माल देऊ शकतो. अट अशी की माल ९० दिवसांत बाहेर गेला पाहिजे आणि शिपिंग बिलाची प्रत उत्पादकाला मिळाली पाहिजे. आपण आधी भरलेल्या कराचा परतावा मग उत्पादक स्वतः मागतो. म्हणजे माल बनवणारा आणि पाठवणारा वेगळे असू शकतात हे सरकारला माहीत आहे.

विम्याबद्दल फार लिहीत नाही. ईसीजीसी दोन प्रकारचे संरक्षण विकते: एक निर्यातदाराला, एक बँकेला. बँकेच्या विम्यात निर्यातदाराने कर्ज बुडवले तर बँकेला भरपाई मिळते. निर्यातदाराची देणेदारी तशीच उभी राहते आणि त्याचे नाव विशेष मंजुरीच्या यादीत जाऊ शकते, म्हणजे पुढचे कर्ज अवघड. लहान निर्यातदारांना ह्या यादीची धास्ती असते आणि ती अनाठायी नाही. काका ह्या दोन्हींत नाहीत. मुंबईची पार्टी बुडाली तर काकांपुढे २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याची वाट आहे: ४५ दिवसांत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज. ह्या कायद्याखाली ज्याने पार्टीवर दावा लावला त्याला त्या पार्टीने पुन्हा काम दिल्याचे उदाहरण मी माझ्या ओळखीत पाहिलेले नाही.

राहिली गावाची गोष्ट. परराष्ट्र व्यापार धोरणात 'निर्यात उत्कृष्टता नगर' असा एक दर्जा आहे. तो मिळाला की तिथल्या संघटनेला बाजारपेठ शोधण्यासाठी, सामाईक सोयींसाठी मदतीत अग्रक्रम मिळतो. आपल्या ठाणे जिल्ह्यातून ह्या यादीत कापडासाठी भिवंडी आहे. उल्हासनगर नाही. यादीत येण्यासाठी गावाची उलाढाल आकड्यांत दाखवावी लागते. आपला माल दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्याच्या पत्त्यावर मोजला जातो, तर आकडा येणार कुठून?

त्याचा परिणाम संकटात कळतो. तिरुपूर आणि उल्हासनगर शेजारी ठेवून पाहा. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिरुपूरची रंगाई युनिटे नदीप्रदूषणावरून बंद केली. न्यायालयाचे बरोबरच होते. नोय्यल नदीचे गटार झाले होते. पण तिरुपूरला निर्यातदारांची संघटना होती, निर्यातीचा आकडा होता, दर्जा होता. तमिळनाडू सरकारने सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी २०० कोटींचे बिनव्याजी कर्ज दिले आणि केंद्रे सुधारून युनिटे पुन्हा सुरू झाली. आपल्याकडे वालधुनीचीही तीच गत. जुलै २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल कडक आदेश दिला आणि पुढच्या वर्षांत इथली जीन्स धुण्याची युनिटे बंद करण्यात आली. ती बंद व्हायलाच हवी होती. निळे पाणी मी रोज पाहत होतो. पण इथे कारवाईनंतर काही आले नाही. काही युनिटे आजूबाजूच्या गावांत सरकली, काही मालकांनी धंदा सोडला, कामगार परत गेले. कोणत्याही मंत्रालयाच्या लेखी तिरुपूरमध्ये निर्यात थांबत होती. आपल्या इथे फक्त एक उपद्रव बंद होत होता.

सरकारला मालाचे मूळ पाहता येत नाही असे कोणी म्हणू नये. एक्झिम बँकेमार्फत भारत सरकार आफ्रिकी देशांना जी कर्जे देते त्यांत साधारण अट असते की ७५ टक्के माल व सेवा भारतातून घ्यावी. किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप सेनेगलच्या भातशेतीला गेले ते अशाच २.७ कोटी डॉलरच्या कर्जातून, आणि ते काम चांगले झाले. तिथे कागद कोणाचा एवढ्यावर सरकार थांबत नाही, माल कुठला हेही विचारते. खुद्द शिपिंग बिलातही १५ फेब्रुवारी २०२० पासून मालाचे मूळ राज्य आणि मूळ जिल्हा लिहिणे सक्तीचे आहे. पंतप्रधानांनी २०१९ च्या १५ ऑगस्टला प्रत्येक जिल्हा निर्यातकेंद्र व्हावा असे म्हटले, त्या धोरणाला धरूनच हा रकाना आहे. पण जिल्हा म्हणजे ठाणे. त्यात नवी मुंबईची रसायने, भिवंडीचे कापड, अंबरनाथची औषधे आणि आमच्या जीन्स एकाच बेरजेत जातात. त्या रकान्याच्या पुढे आणखी एक असावा: माल प्रत्यक्ष बनवणाऱ्याचा जीएसटी क्रमांक. एक भरलेला रकाना परतावा वाटून द्यायला आधार देईल, आणि पत्राशिवाय बँकेला पुरावा देईल. पार्टीला गिऱ्हाइकाचे नाव काकांना सांगावेही लागणार नाही, कारण ते फक्त सीमाशुल्क खात्याला दिसेल. साखळीत चौथ्या पायरीवर धागे कापणाऱ्या बाईपर्यंत हेही पोचणार नाही, हे मला कबूल आहे.

गणपतीनंतर काकांच्या मुलाने आयात-निर्यात क्रमांक काढला. ५०० रुपये फी, घरबसल्या होतो. त्याने तो छापून गाळ्यात लावला आहे. शारजाच्या एका नातेवाइकाकडे नमुने पाठवायचे चालले आहे. विम्याची चौकशी करायला आम्ही दोघे ईसीजीसीचा फॉर्म घेऊन बसलो. परदेशी गिऱ्हाइकाचे नाव आणि पत्ता मागणारा रकाना आला. "बाबा अठरा वर्षे अमेरिकेचा माल शिवतायत," तो म्हणाला आणि आत जाऊन काकांना विचारून आला. काकांना एकही नाव माहीत नव्हते. लेबले आणि किमतीचे टॅग पार्टीच्या गोदामात लागतात.